'उजव्या मेंदूची मुलगी' असं काही असतं का?

सातवीची आई
मुलीच्या शाळेत आलेल्या समुपदेशकांनी कागदावर मेंदूचे दोन गोलार्ध काढले, डावीकडे 'गणित' आणि उजवीकडे 'भावना' लिहिलं आणि म्हणाले, "ही उजव्या मेंदूची, हळवी आहे. गणिताचा आग्रह धरू नका." तेव्हापासून ती गणिताची वही उघडत नाही. "माझी ती बाजूच नाहीये," म्हणते. बारा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने 2013 साली हजाराहून जास्त जणांचे मेंदू-स्कॅन तपासले. अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू जोरात चालतो, असा माणूस सापडला नाही. बहुतेकांची भाषा डावीकडे असते, तेवढं खरं. हे स्वभावाचं खूळ बंद व्हायला हवं.

भावाची ताई
समुपदेशक चुकलेच, पण सगळंच खूळ म्हणू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांनी मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं, की कपाळामागची डावी बाजू जास्त सक्रिय असली की कल पुढे होण्याकडे, उत्साहाकडे असतो. उजवी असली की मागे सरण्याकडे. नैराश्यावरचे चुंबकीय उपचारही (डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूचा भाग चेतवतात ते) बहुधा डाव्या बाजूलाच देतात, अमेरिकेत 2008 पासून मान्यता आहे. माझ्या भावाने ते घेतलेत. डोक्याशी यंत्राची टकटक, मी बाहेर बाकावर. तिसऱ्या आठवड्यात त्याने आपणहून चहा टाकला, मलाही विचारलं. मी स्वयंपाकघरात रडले.

जुना वाचक
ताई, भावाचं वाचून बरं वाटलं. पण रागाचं काय? राग काही सुखाचा नाही, तरी प्रयोगांत तो डाव्या बाजूशी जोडलेला दिसतो, कारण रागात माणूस अंगावर धावून जातो. म्हणजे डावं सुखी, उजवं दुःखी ही वाटणी तिथेच मोडते. शिवाय 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या डाव्या-उजव्या फरकावरून नैराश्याचं निदान करता येत नाही, असंच निघालं. मग स्वभाव कुठून ओळखणार?

सातवीची आई
अगदी हेच. सरासरीतला बारीकसा कल एकेका मुलावर चिकटवायचा नाही.

भावाची ताई
निदान नको, हे मान्य. पण 'खूळ' हा शब्द मागे घ्या. भाऊही असंच म्हणून दोन वर्षं डॉक्टरांकडे गेला नव्हता.