अनुभव धागा: दोन मजली हॉलची उंच भिंत, कमी खर्चात (नाशिक)

पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळकडच्या रो-हाऊस आणि डुप्लेक्समध्ये डबल हाइटचा हॉल हल्ली बराच दिसतो. जिन्याच्या बाजूची 18-20 फुटी भिंत मात्र वर्षानुवर्षं कोरी राहते, नाहीतर मध्येच एक कॅलेंडर लटकतं. ज्यांनी अशी भिंत स्वस्तात मार्गी लावली, किंवा ज्यांचं कामच हे आहे, त्यांनी इथे लिहा. मापं द्या, सामान किती लागलं ते द्या, काय बिघडतं आणि कशामुळे तेही द्या. हिशेबाला सगळ्यांनी एकच भिंत धरू: 12 फूट रुंद, 19 फूट उंच, म्हणजे 228 चौरस फूट.

रंगकाम, सिडको

रंग, कागद, कापड हे सगळं नंतर. आधी परांचीचं (वर चढायच्या मचाणाचं) बोला, कारण उंच भिंतीत पैसा सामानाला कमी आणि वर चढायला जास्त जातो. रंगवाला एकदा परांची लावणार, वायरमन पुन्हा घोडा आणणार, फ्रेम लावायला तिसराच माणूस शिडी टेकवणार, म्हणजे तिप्पट खर्च. भेगा, लांबी (पुट्टी), रंग, वरचे हूक, वरची वायर ही सगळी कामं कागदावर लिहून काढा आणि एकाच उभारणीत उरका.

19 फुटांसाठी फळी 13 ते 13.5 फुटांवर पुरते, वरचे 6 फूट माणूस उभा राहून गाठतो. लोखंडी फ्रेम चाकांची असेल तर पायाची अरुंद बाजू निदान 4 फूट हवी आणि चाकं लॉक केल्याशिवाय वर जायचं नाही. वर माणूस असताना परांची ढकलणं तर अजिबात नाही. टाइल्सवर चाकाखाली प्लायचे तुकडे ठेवा.

रंगाचा हिशेब: चांगल्या तयार भिंतीवर इमल्शनचे दोन हात धरले तर लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट होतात. म्हणजे या भिंतीला 2 लिटर. प्रायमर 2 लिटर. लांबीची 20 किलोची एक पिशवी दोन हातांना पुरते, गिलावा खडबडीत असेल तर जास्त. रंग एकाच वेळी घ्या. मागून आणलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी निघाली तर एवढ्या मोठ्या सलग भिंतीवर ती लगेच कळते. आणि वरून खाली या, मध्ये जेवायची सुट्टी घेऊ नका. ओली कड सुकली की जोडाचा आडवा पट्टा उमटतो आणि तो दिवसा उजेडात दिसतोच.

आता भेग. पहिल्या मजल्याच्या उंचीवर भिंतीत बीम असतो. त्याच्या खालच्या कडेला, साधारण साडेआठ ते नऊ फुटांवर, आडवी भेग बहुतेक घरांत सापडते, कारण काँक्रीट आणि विटा उन्हाने वेगवेगळ्या तापतात, आकुंचन पावतात. नुसती लांबी भरली की पुढच्या उन्हाळ्यात भेग परत हजर. व्ही आकारात कोरायची, ब्रशने धूळ झाडायची, लवचीक क्रॅक फिलर भरायचा, सुकल्यावर 4 इंची फायबर जाळीची पट्टी आणि तिच्यावर लांबी. जाळी वगळली तर बाकीची मेहनत फुकट.

इंदिरानगर

काका, पावसाचंही सांगा ना. पश्चिमेची भिंत आहे.

रंगकाम, सिडको

ताई, पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर पावसाचा सरळ मारा असतो. 2 फूट बाय 2 फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि 24 तासांनी काढा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला, दव आलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. आधी बाहेरून दुरुस्ती, मग आतली सजावट. ही तपासणी ऑगस्टमध्ये करा, एप्रिलमध्ये कुठलीही भिंत कोरडीच भासते. आतलं काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये धरा. दिवाळीच्या तोंडावर मात्र कारागीर मिळत नाहीत, आधी बोलून ठेवा.

वॉलपेपरचं काम, कॉलेज रोड

इथे एक फसगत हमखास होते. नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, म्हणजे 57 चौरस फूट. 228 भागिले 57, चार रोल, असा हिशेब करून लोक येतात. पण 19 फुटी भिंतीला कापायची पट्टी साडेएकोणीस फुटांची. एका रोलमधून एकच निघते आणि साडेतेरा फूट वाया. 144 इंच रुंदीला 21 च्या 7 पट्ट्या लागतात, म्हणजे चार नाही, सात रोल!

कमी पैशांत बसवायचं तर कागद पूर्ण उंचीला लावूच नका. साडेनऊ फुटांवर एक आडवी लाकडी पट्टी मारा, खाली कागद, वर त्यातल्याच फिकट छटेचा रंग. आता कागदाची पट्टी दहा फुटांची, रोलमधून तीन निघतात, 7 पट्ट्यांना 3 रोल. मोठ्या नक्षीचा कागद असेल तर जुळवणीत प्रत्येक पट्टीला फूटभराहून जास्त जातं, मग रोलमधून दोनच पट्ट्या मिळतील. म्हणून बारीक किंवा नक्षी न जुळवता लागणारा कागद घ्या. ओलीच्या भिंतीवर कागद नकोच. आधी सांधे उघडतात, मग मागे बुरशी धरते.

सुतारकाम, अंबड

पट्टीच्या चौकटी हा माझ्या मते सगळ्यात किफायतशीर मार्ग. रंग भिंतीचाच, फक्त चार सूत (अर्धा इंच) जाडीच्या पट्टीने चौकोन पाडायचे. खाली तीन, वर तीन. 144 इंचांतून चार मोकळ्या जागा 6-6 इंचांच्या गेल्या की 120 उरतात, म्हणजे प्रत्येक चौकट 40 इंच रुंद. उंची 94 इंच ठेवा, 96 नको. बाजारात पट्टी 8 फुटी येते. 94 ठेवली तर उभी पट्टी एका तुकड्यात, जोड न देता निघते आणि 45 अंशाच्या कापाला दोन इंच हाताशी राहतात. तळाला 12 इंच, मध्ये 14, वर 14 मोकळे सोडले की 228 इंच बरोबर भरतात. उभ्या 12 पट्ट्या आणि आडव्यांसाठी 6 (एका पट्टीतून 40 चे दोन तुकडे), अशा 18. दोन जास्त आणा, कोपरे कापताना एखादी चुकतेच.

बाहेरच्या भिंतीवर एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) नको, ओलीने फुगते आणि कोपरे उघडतात. पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीनची पट्टी घ्या, चिकटवायला वॉटरबेस गोंद आणि आधाराला बारीक खिळे. पॉलिस्टायरीनला सॉल्व्हंटवाला गोंद लागला तर ती विरघळते, डब्यावर वाचून घ्या. रेषा छताला धरून मारू नका, छत क्वचितच लेव्हलला असतं. पाण्याच्या नळीने आडवी खूण, उभ्या रेषेला ओळंबा.

जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर फळी म्हणून छान दिसतं, पण वजन बघा. 6 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 इंच जाड फळी 9 किलोच्या आसपास जाते. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर कीड जिवंत आहे. औषध मारून, काही आठवडे वेगळं ठेवून मगच घरात घ्या.

मखमलाबाद

आमच्या भिंतीत गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) टिकत नाही, स्क्रू हाताने बाहेर येतो.

सुतारकाम, अंबड

ड्रिलमधून काय पडतं ते बघा. लाल भुकटी म्हणजे वीट. मऊ, पांढरट-राखाडी पीठ पडलं आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक). बिट अडलं, आवाज बदलला तर बीम. विटेला 8 मिमीची गिट्टी आणि 50 मिमी स्क्रू पुरतो. एएसीला हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, हॅमरने भोक आतून मोठं होतं आणि म्हणूनच तुमचा स्क्रू सुटतो. त्यासाठी एएसीचाच लांब नायलॉन अँकर मिळतो, तो मागून घ्या. जड वस्तू शक्यतो बीमवर टांगा.

गंगापूर रोड

कापडाचा उपाय कोणीच लिहिला नाही, म्हणून लिहिते. साडी साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. 19 फुटी भिंतीला उभी सोडली तर जणू मापानेच विणलेली! ब्लाउजपीस जोडलेला असेल तर तो कापून घ्या. वर आणि खाली तीन-तीन इंच दुमडून शिवा, उरले साडेसतरा फूट. वरच्या नेफ्यात अॅल्युमिनियमचा पाइप, खालच्या नेफ्यात लोखंडी सळई, म्हणजे कापड पंख्याने हलत नाही. पदर खाली ठेवा, बसल्यावर नजर तिथेच जाते. एका भिंतीला एक किंवा दोनच, मध्ये भिंत दिसू द्या.

सुती साडी घ्या. येवल्याची खरी पैठणी भिंतीवर लावू नका, रेशमाचा रंग उन्हाने उडतो आणि तो परत येत नाही. साडीचे काठ इथे उभे येतात, त्यामुळे पाइप अर्धा इंच जरी तिरका बसला तरी काठ वाकडा दिसतो. ओळंबा लावूनच हूक ठोकायचे. भिंतीपासून इंच-दीड इंच अंतर ठेवा: ओल लागत नाही आणि हॉलचा घुमणारा आवाजही थोडा बसतो.

धुवायला साडी खाली कशी आणायची हा खरा प्रश्न. कपडे वाळवायच्या टांगत्या स्टँडला असतात तशा कप्प्या लावा. वरच्या बीमला दोन टोकांना दोन एकेरी, कडेला एक दुहेरी, आणि खाली 5 फुटांवर दोरी गुंडाळायची खुंटी. तयार संचाची दोरी 10 फुटी छतासाठी असते, ती अपुरी पडते. 4 मिमीची विणलेली नायलॉन दोरी 20 ते 22 मीटर आणा. एकदा कप्प्या बसल्या की परांचीची गरज संपली. सणाला साडी बदला, गौरी-गणपतीला हिरवी, दिवाळीला दुसरी.

चित्रकला शिक्षक, पंचवटी

वारली काढणार असाल तर दोन गोष्टी. कागदावरची दोन इंची माणसं 15 फुटांवर ठिपके होतात. वरच्या भागात आकृती निदान 6 ते 8 इंच हवी. आणि मोकळी जागा राहू द्या, तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) नाचाचा एक मोठा वेटोळा पुरे, साऱ्या भिंतीभर गर्दी नको. कागदावर 1 इंच म्हणजे भिंतीवर 1 फूट असे चौकोन पाडा, भिंतीवर खडूने. नुसता गेरू हाताला लागतो, म्हणून गेरूच्या छटेचं मॅट इमल्शन मारा. चकाकी असलेलं नको, दिव्याखाली चित्र हरवतं. पांढऱ्या रेषेला अॅक्रेलिक, दोन हात.

एक मनापासूनचं. लग्नाचा चौक हा वारली समाजात विधीचा भाग आहे, सुवासिनी तो लग्नघरी काढतात. सोफ्यामागच्या सजावटीला तो उचलू नये असं मला वाटतं. शेतं, झाडं, नाच, पक्षी, विषय पुष्कळ आहेत. पेठ, हरसूलकडच्या एखाद्या चित्रकाराला बोलावता आलं तर उत्तमच, त्याचा हात आपल्याला येणार नाही.

सातपूर

भांडी बाजारातल्या पितळी परातींचं कसं?

गंगापूर रोड

सुरेख दिसतात, पण हात पोचेल तिथवरच लावा. वर लावायच्या असतील तर चिंचेने घासून, पूर्ण सुकवून, पारदर्शक लॅकरचा हात द्या, नाहीतर एका पावसाळ्यात काळवंडतात. आधी त्याच मापाचे वर्तमानपत्राचे गोल कापून टेपने चिकटवा आणि दोन दिवस बघा. सोफ्यावरच्या मांडणीची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश असली की बरी दिसते.

वायरमन, नाशिकरोड

दिव्याचं शेवटी आठवतं, म्हणून भिंत फोडावी लागते. परांची असतानाच करा. भिंतीच्या अंगाने सरपटत जाणारा उजेड लांबीची प्रत्येक लाट दाखवतो. रंगाआधी अंधारात मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून तिरकी धरा, जिथे सावल्या पडतील तिथे पेन्सिलने गोल करा आणि रंगवाल्याकडून परत घासून घ्या. तरीही लाट राहिली तर दिवा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या, सावल्या मावळतात.

3000 केल्विनचा पिवळसर उजेड घ्या. 18 फुटांवर दिवा बसवू नका, बदलायला कोण चढणार? 7 फुटांवर वर-खाली उजेड देणारा, नाहीतर वरच्या पॅसेजच्या कठड्याजवळून भिंतीकडे वळवलेला. एलईडी पट्टी लावली तर 24 व्होल्टची, लांब पट्टीत 12 व्होल्टचा उजेड टोकाला मंदावतो. पट्टीआधी ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) बिघडतो, म्हणून तो जिन्याखाली, हाताला येईल असा ठेवा. भिंतीत वायरचा नवा पाइप नको असेल तर केसिंग पट्टी (वायर झाकायची पट्टी) सुतारकाकांच्या उभ्या चौकटीला लागून न्या आणि भिंतीच्याच रंगाने रंगवा.

इंदिरानगर

साडीची कप्पी आणि हे 7 फुटी दिवे एकाच भिंतीवर चालतील का?

वायरमन, नाशिकरोड

चालतील. दिवा साडीच्या कडेपासून फूटभर लांब घ्या, म्हणजे खाली-वर करताना कापड अडकत नाही. भोक पाडण्याआधी त्या भागाचा एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडायचा स्विच) पाडा, आणि बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली कुठेच ड्रिल लावू नका, वायर तिथूनच गेलेली असते.