दावा चालू असताना भाडेकरूने थोडेच पैसे पाठवले, ठेवू का परत करू?

नमस्कार मंडळी,
महिनाभर आईकडे गिरगावात आले आहे. आजोबांच्या लहानशा इमारतीतल्या जुन्या भाडेकरूचं १४ महिन्यांचं भाडं थकलंय. महिना १,२०० प्रमाणे १६,८०० रुपये. नोटीस दिली, ९० दिवस थांबलो, मग जागा खाली करून मिळावी म्हणून लघुवाद न्यायालयात दावा लावला. समन्स त्याला मिळून दोन महिने झाले. काल त्याने यूपीआयवर ५,००० पाठवले. आई म्हणते, ठेवलेस तर दावा बुडेल, आत्ताच परत कर. कोणाला अनुभव आहे का?

*

ताई, परत करू नका. मी दादरच्या जागेच्या दाव्यात तीच चूक केली होती. भाडेकरूची मनीऑर्डर परत पाठवली आणि उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी तीच पावती पुढे केली: 'अशील द्यायला तयार, मालकच घेत नाहीत.' १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ 'द्यायला तयार' असलेल्या भाडेकरूला सांभाळून घेतं. ते कोलीत आपण होऊन त्याच्या हातात का द्यायचं?

आईंना सांगा, ५,००० ने त्याची सुटका होत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरायचा, पुढेही निकालापर्यंत नियमित भरत राहायचं, तरच तो वाचतो. नोटिशीनंतर भाडं घेतलं एवढ्यावरून नोटीस सोडून दिली असं होत नाही, मालकाचा हेतू बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलंय.

म्हणून हेतू कागदावर आणा. पावती तर द्यावीच लागते. तिच्यात लिहा: 'जुन्या थकबाकीपोटी, दाव्यातील आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारले.' नुसतं 'भाडे मिळाले' लिहू नका. आणि यूपीआयवर त्याने शेरा काय टाकलाय ते आधी बघा. पैसे कुठल्या महिन्याचे हे देणाऱ्याने सांगितलं आणि आपण गुपचूप घेतलं, तर ते त्याच महिन्याचे धरले जातात.

*

काका, शेरा आत्ता पाहिला. 'चालू महिन्याचं भाडं व ॲडव्हान्स' असं लिहिलंय! वकीलबाईंना लगेच फोन केला. शेरा मान्य नाही, रक्कम सर्वांत जुन्या महिन्यांपोटी धरत आहोत, तसं मान्य नसेल तर आठ दिवसांत कळवा, पैसे कोर्टात भरायला आमची हरकत नाही, असं पत्र त्या उद्या स्पीड पोस्टाने पाठवताहेत. पावती त्यासोबतच जाईल. आई आज जेवली नीट.