जळगावच्या बँडची १९९८ पासूनची गाणी एका अल्बममध्ये: जुन्या कॅसेटी तशाच घ्याव्यात की पुन्हा वाजवावं?

मेहरूणकाठ
नमस्कार मंडळी. आमचा रॉक बँड १९९८ ला जळगावात कॉलेजमध्ये सुरू झाला, मी बेस वाजवतो. सुरुवातीपासून आजवरच्या गाण्यांतली निवडक घेऊन एक अल्बम काढायचं ठरलंय. हाताशी आहे ते असं: १९९९ ते २००३ च्या नऊ कॅसेटी, सगळ्या कार्यक्रमांत नाहीतर गच्चीवरच्या सरावाला भरलेल्या. २००६ ला स्टुडिओत केलेली पाच गाणी, त्यांची फक्त सीडी उरलीय. आणि गेल्या दहा वर्षांत घरी केलेली चौदा.

आमचा गायक म्हणतो, जुनं सगळं नव्याने रेकॉर्ड करू, आता गिटारी चांगल्या आहेत, हातही बसलाय. मला ते पटत नाही, पण कॅसेटींचा आवाज खरंच खराब आहे. शहरातल्या एका दुकानात दोन दिल्या होत्या. त्यांनी खरखर काढता काढता सिंबलचा, म्हणजे ड्रमच्या झांजेचा, आवाजच खाऊन टाकला. ड्रम पांघरुणाखालून आल्यासारखे वाटतात.

दुसरा प्रश्न क्रमाचा. वर्षांप्रमाणे लावावीत का? आणि तिसरा: एक गाणं बहिणाबाईंच्या कवितेवर आहे, एक कानबाई देवीच्या पारंपरिक गाण्यावर. परवानगी लागते का?

टेपवाला
दादा, आधी कॅसेटी. दुकानाने दिलेली फाइल सोडून द्या, मूळ टेप शाबूत असेल तर काही बिघडलेलं नाही. त्या कुठे ठेवल्या होत्या?

मेहरूणकाठ
पत्र्याखालच्या माळ्यावर. वीस उन्हाळे.

टेपवाला
जळगावचा मे म्हणजे वर ४५ च्या पुढेच गेला असणार. तरी घाबरू नका, साध्या कॅसेटी बऱ्याच सोसतात. आधी पाहा, टेपच्या मागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का. उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि आवाज दबतो. सुटली असेल तर टेप दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात हलवा. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा म्हणजे गुंडाळी सारखी बसते. कॅसेट डेकचं हेड, म्हणजे टेपवरून आवाज उचलणारा भाग, स्पिरिटने पुसा.

खरी मेख पुढे आहे. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या मशीनवर भरलं आणि ज्यावर ऐकतोय त्यांचा कोन जुळला नाही की तार आवाज आधी जातो. प्रत्येक कॅसेटला तो स्क्रू केसाएवढा फिरवत कानाने पाहा. सिंबल एकदम उघडते, तिथे थांबा. तुमच्या ड्रमचं पांघरूण अर्धं इथेच निघेल. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे खरखर दाबायचं बटण, बंद ठेवा, भरताना चालू नसेल तर. संगणकावर २४ बिटला उतरवा आणि त्या फाइलला हात लावू नका, सफाई करायची ती तिच्या प्रतीवर.

आणि वेग तपासा. अ‍ॅम्पची घरघर टेपवर आली असेल तर ती साधारण ५० हर्ट्झला असायला हवी, आपली वीज ५० ची. ५२-५३ दिसली तर डेक जोरात पळतोय.

भुसावळची
क्रमाबद्दल बोलते. बीटल्सचे १९७३ चे लाल आणि निळा हे दोन संच सरळ कालक्रमाने आहेत, १९६२-६६ आणि १९६७-७०. बँड कसा वाढला ते ऐकू येतं. पिंक फ्लॉइडने २००१ च्या संचात उलट केलं, काळ मोडून गाणी एकमेकांत मिसळली. पण त्यांची सगळी रेकॉर्डिंग स्टुडिओतली होती, शेजारी शेजारी चालून गेली. तुमची गच्चीवरची कॅसेट आणि लॅपटॉपवरचं गाणं पाठोपाठ आलं तर दर वेळी कान दचकतील. कालक्रमच ठेवा. आणि सगळीच गाणी घालू नका दादा, सीडीत ८० मिनिटं मावतात म्हणून ८० भरायची नसतात.

पुन्हा वाजवण्याला माझा स्पष्ट विरोध. वीस वर्षांच्या पोरांचा घाईचा ताल पंचेचाळिशीत येत नाही. नवं वाजवलेलं नवं गाणं म्हणून द्या, जुन्याच्या जागी नको.

अमळनेरकर
परवानगीचं: बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि कविता १९५२ ला पुस्तकात आल्या. मरणोत्तर छापलेल्याला आपल्याकडे प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे २०१२ अखेर मुदत संपली. मात्र तुमची कविता त्या पहिल्या आवृत्तीतलीच आहे ना, ते पाहून घ्या. पुढे भर पडलेल्या रचनांची मुदत वेगळी. कानबाईची पारंपरिक गाणी कोणा एकाची नाहीत, चाल बांधली ती तुमची.

बँड सोडून गेलेलं कुणी या कॅसेटींवर वाजवतंय का? वाजवणाऱ्याचाही हक्क असतो, ५० वर्षं. लेखी घ्या.

मेहरूणकाठ
आहे. आमचा पहिला ड्रमर. २००४ ला भांडून गेला, तेव्हापासून बोलणं नाही.

सातपुड्याखाली
मंग पहिले त्याच्याकडे जा भाऊ. चांगलं काम शे, करी टाका.

मेहरूणकाठ (तीन आठवड्यांनी)
टेपवाला, तुमचा स्क्रू लागू पडला. सिंबल उघडली तेव्हा मी खोलीत एकटाच ओरडलो. २००२ च्या कॅसेटवर कानबाईचं गाणं चालू असताना लाइट जाते. घरघर थांबते, गिटार मरते, बेस मरतो. टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून फिरत राहिला. अंधारात आमचा तो ड्रमर एकटाच वाजवतोय, आणि पुढच्या रांगांतल्या बाया कानबाईचं धृपद म्हणायला लागतात. दोन मिनिटं वीस सेकंद. मग लाइट येते आणि आम्ही सगळे चुकीच्या जागी शिरतो.

ती फाइल घेऊन रविवारी चाळीसगावला त्याच्या घरी गेलो. त्याने हेडफोन लावून उभ्या उभ्याच ऐकली. वहिनींनी चहा ठेवला तो निवला. कागदावर सही केली, पैशाचं नाव काढलं नाही. एकच अट घातली: अंधारातला भाग कापायचा नाही, आणि आम्ही चुकून शिरतो तेही ठेवायचं.

गायकानेही ऐकलं. पुन्हा रेकॉर्ड करायचा विषय त्याने काढलेला नाही. गाणी सोळा ठरलीत, वर्षांप्रमाणे. आता एवढंच सांगा, त्या दोन मिनिटांत आवाज अगदी बारीक आहे. मास्टरिंगला, म्हणजे शेवटी आवाज पक्का करताना, वर उचलू का?

टेपवाला
नका उचलू. ऐकणारा हाताने आवाज वाढवेल, आणि लाइट आली की दचकेल. तसंच हवं.