अनुभव धागा: यादी तुमची, क्रमांकही तुमचेच

माळा आवरताना शाळेतली दोनशे पानी वही सापडली. शेवटच्या पानावर 'सचिनचे टॉप टेन डाव', आणि त्यावर इतकी खाडाखोड की कागद फाटलाय. पहिला नंबर शारजाचा. २२ एप्रिल १९९८ चे, वाळूच्या वादळातले १४३ की २४ तारखेचे, त्याच्या वाढदिवसाचे १३४? मी १३४ वर ठेवले होते, कारण त्या दिवशी कप मिळाला. पुढच्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध त्याने पाठ धरलेली असताना १३६ काढले आणि आपण १२ धावांनी हरलो. तो डाव आधी पहिला, मग खोडून चौथा, बाजूला बारीक अक्षरात 'हरलो'.

२००४ मध्ये सिडनीला नाबाद २४१ झाले, तेव्हा वही काढलीसुद्धा नाही. कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही असं ठरवून दहा तास खेळणं मला रटाळ वाटलं होतं. आज विचाराल तर पहिला १३६, दुसरा २४१, शारजा पाचव्याच्या आसपास. गृहकर्ज डोक्यावर आलं की कव्हर ड्राइव्ह न मारणारा माणूस कळायला लागतो.

तर लिहा. गाणी, खेळ, काहीही. अट एकच: क्रमांक लावायचा. 'सगळीच आवडतात' हे उत्तर बाद.

* * *

आमच्याकडे बुधवारी रात्री आठ म्हणजे रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमाला. भाऊ निवेदक अमीन सयानींची पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, वहीत उतरवायचा आणि शेजारच्या रकान्यात मी माझी. दोन्ही नंबर जुळले तर चार आणे माझे. सिलोनचं स्टेशन नेमकं वरच्या पायदानाशी आलं की खरखरायला लागायचं. मग तिथे रिकामी चौकट, आणि दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर जाऊन विचारायचं. पानवाला स्वतःच्या आवडीचं गाणं पहिलं म्हणून ठोकून द्यायचा, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. माझे किती चार आणे त्याने बुडवले कोण जाणे.

* * *

कोल्हापूरकर आहे, त्यामुळे यादी पदकांची. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ काढलं, ४५१.४ गुण, मोबाइलवर शेवटचा शॉट बघताना चहा सांडला अंगावर. मी त्याला एक नंबर दिला. आजोबा तापले. म्हणाले, "आणि खाशाबा?" १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिकडं जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. मी म्हटलं, आजोबा, ती कुस्ती मी बघितलेली नाही, नंबर कसा देऊ? "बघितली नाहीस म्हणून खाली? मग शिवाजी महाराज कितव्या नंबरला ठेवतोस?"

गप्प बसलो. आता खाशाबा एक, स्वप्नील दोन. कराडचा मित्र म्हणतो खाशाबा गोळेश्वरचे, म्हणजे साताऱ्याचे, तुमच्या यादीत कसे. ते भांडण अजून चालू आहे.

* * *

कॅसेटवाल्याकडे यादी देऊन गाणी भरून घेतलेल्या पिढीतली मी. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. त्यामुळे क्रमांक निव्वळ आवडीचा नसायचा, बेरीज करावी लागायची. सहा मिनिटांची गझल घेतली की दोन आशाबाई बाहेर. मी रात्रभर घड्याळ लावून रेडिओसमोर गणित जुळवलं, पहिलं गाणं 'ए' बाजूच्या सुरुवातीला, दुसरं 'बी'च्या, म्हणजे कॅसेट उलटली तरी कान तृप्त. दुकानदाराने मात्र सगळी यादी त्याच्या सोयीने भरली आणि माझं नऊ नंबरचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात पट्टी संपली म्हणून तुटलं. तेच सगळ्यात जास्त ऐकलं गेलं. आता कुठेही ते गाणं लागलं की त्या ओळीला माझा हात आपोआप कॅसेट उलटायला उठतो. तेव्हा क्रमांक: एक ते आठ, कोणतीही, नऊ, ते तुटकं.

* * *

न्यू जर्सी. वर्षाअखेर स्पॉटिफायने माझी यादी काढून दिली. वर्षभर मी किशोरीताईंचा भूप ऐकतो असं लोकांना सांगत होतो. पहिली पाचही बडबडगीतं निघाली. मुलगी दोन वर्षांची आहे. भूप एकविसावा.

* * *

अट मोडतेय, पण सांगते. आजीला विचारलं, गीतरामायणाच्या छप्पन्न गाण्यांतली तुझी दहा क्रमाने सांग. १९५५ ला पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक लागायचं तेव्हापासूनची ती श्रोती. म्हणाली, "क्रम लावून दिलाय की त्यांनी. मी कोण इकडचं तिकडे करणार?" वही मिटली. रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज आला, "ए, झोपलीस का? ते कैकेयीचं तेवढं शेवटी घाल."