७-वूड की ४-हायब्रिड? गोल्फच्या पिशवीत एकच जागा उरली आहे

लांबचा_पल्ला
माझे १३ क्लब (बॉल मारायच्या काठ्या) झालेत, नियमाने १४ चालतात, म्हणजे जागा एकच. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २२, ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास. १५ अंश लॉफ्टचा (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) ३-वूड, म्हणजे रुंद डोक्याचा लांब क्लब, टीवरून (बॉल ठेवायच्या खुंटीवरून) छान लागतो, पण गवतावरून मारायला घेतला की दहातले सहा-सात बॉल सरपटत जातात. त्याखाली एकदम ६-आयर्न (पातळ पात्याचा क्लब), त्याचे १४० यार्ड हमखास. ५-आयर्न काढून टाकला, कारण तोही जेमतेम १४५ जायचा. नेमका १६५ यार्डांचा शॉट माझ्याकडे नाही आणि लांब पार-४ वर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) दर वेळी तोच उरतो. २१ अंशांचा ७-वूड आणि २२ अंशांचा ४-हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला प्रकार), दोन्ही मित्राकडून वापरायला आणलेत. सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर दोन्ही सारखेच जातात. मग ठरवू कशावरून?

रफमधला_सोबती
आधी मॅटवरून उतरा. मॅटवर क्लब बॉलच्या दोन बोटं मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि शॉट बरा निघतो. खऱ्या मातीत तोच शॉट ४० यार्ड जाईल.

माझं मत हायब्रिडला. बॉल रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) अर्धा बुडालेला असतो तेव्हा वूडच्या रुंद डोक्याखाली गवत दाटतं आणि वेग तिथेच मरतो. हायब्रिडचं डोकं आटोपशीर, सोल (तळ) अरुंद, शाफ्ट (दांडा) आखूड. आयर्नसारखा वरून खाली मारा, बॉलपुढची थोडी माती निघाली तरी चालेल. तुमचा ६-आयर्न चांगला लागतो, म्हणजे तसा स्विंग तुमच्याकडे आहेच. २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने शेवटच्या होलवर साधारण २०६ यार्डांवरून हायब्रिड मारला, बॉल होलपासून काही फुटांवर थांबला आणि टायगर वूड्स मागे राहिला. तो शॉट पाहूनच मी पहिला हायब्रिड घेतला.

हळू_बॅकस्विंग
दादा, मी उलटं सांगणार आहे. हायब्रिडने माझा बॉल कायम डावीकडे पळायचा आणि तीन वर्षं मी माझ्या मनगटांनाच दोष देत राहिले. बरेच हायब्रिड बॉल डावीकडे वळावा अशाच बेताने बनवतात. ज्यांचा बॉल उजवीकडे जातो त्यांना ते वरदान, आमच्यासारख्या हुकवाल्यांना जाच. तुमचा चुकलेला बॉल कुठल्या बाजूला जातो ते लिहिलंच नाहीत, ते आधी बघा.

दुसरं उंचीचं. लॉफ्ट जवळपास तोच असला तरी ७-वूडचा शाफ्ट दीड-दोन इंच लांब असतो आणि डोक्यातलं वजन मागे आणि खाली असतं, म्हणून बॉल उंच जातो. तुमच्या-माझ्या वेगाला ती उंची फार मोलाची आहे. माझा हायब्रिडचा बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पडायचा आणि मागच्या उतारावरून निघून जायचा. ७-वूडचा वरून पडतो आणि चार-पाच पावलांत थांबतो.

क्लबफेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे मारून पाच बॉल मारा. ठसे सारखे क्लबच्या टाचेकडे (शाफ्टकडच्या बाजूला) उमटले तर तो शाफ्ट तुम्हाला लांब पडतोय. मग ७-वूडचा आग्रह मीही धरणार नाही.

पंधरा_अंश
सोलवरच्या आकड्यावर जाऊ नका, लॉफ्ट बघा. एका कंपनीचा ४-हायब्रिड २१ अंशांचा, दुसरीचा २३.

आणि खरा प्रश्न वेगळाच वाटतो. गवतावरून लागत नाही तो ३-वूड पिशवीत कशाला? तो काढा, दोघांनाही जागा होईल.

लांबचा_पल्ला
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी संध्याकाळी कोर्स रिकामा होता. १६५ यार्डांवर उभा राहिलो आणि प्रत्येक क्लबने दहा बॉल आखूड गवतातून, दहा रफमधून मारले. आखूड गवतातून ७-वूडचे सहा ग्रीनवर थांबले, हायब्रिडचे तीन. रफमध्ये चित्र उलटं झालं: हायब्रिडचे सात नीट उडाले, ७-वूडचे दोनच, आणि एकदा तर गवताने क्लब हातातच फिरवला. ताई, पावडरही मारली. ठसे मधोमध आहेत आणि माझे चुकलेले बॉल उजवीकडेच जातात.

मग जुनी स्कोअरकार्डं काढून आठवून बघितलं. या अंतरावरचे माझे तीनातले दोन शॉट आखूड गवतातूनच असतात. एकच घ्यायचा तर ७-वूड, हे तिथेच ठरलं.

पण ३-वूडची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी तो फक्त ११ व्या अरुंद होलवर टीवरून वापरतो. काल तिथे बुटक्या टीवरून ७-वूड मारला. ३-वूडपेक्षा वीसेक यार्ड मागे राहिला, पण फेअरवेच्या (मधल्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध. पुढच्या तीन राउंडना ३-वूड घरी ठेवतोय आणि पिशवीत हे दोन्ही नेतोय.