हसू नेमके कोणाचे येते?

‘स्वतःच्या व्यंगावर विनोद करणे म्हणजे सहानुभूती मागणे’ हे मत मला पटत नाही. अमेरिकेतील विनोदवीर कॅथी बकली यांचे बहिरेपण लहानपणी वेळेवर न ओळखले गेल्याने त्यांना मतिमंद मुलांच्या शाळेत घातले गेले, आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या असताना जीवरक्षकांची जीप त्यांच्या अंगावरून गेली. १९८८ मध्ये त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि याच घटना त्यांच्या विनोदाचा विषय झाल्या. तिथे हसू येते ते बहिरेपणाचे नव्हे, तर चुकीचे निदान करणाऱ्या शहाण्यांचे. (आपल्या प्रहसनांतला ‘बहिरा’ मात्र अजूनही भलतेच ऐकून हमखास हशा मिळवण्यापुरताच येतो.) बकलींच्या विनोदात कीव मागणारे मला तरी काही दिसत नाही.