मदत हवी आहे : जावातल्या पेसांत्रेनमध्ये नवीन शिक्षिका

नमस्कार मंडळी,
मी मूळची सांगलीची. गेल्या महिन्यापासून पूर्व जावातल्या एका खेड्यात, पेसांत्रेनमध्ये म्हणजे इस्लामी निवासी शाळेत इंग्रजी शिकवतेय. पहाटे चारच्या सुमारास अजान, शुक्रवारी सुट्टी, हौदातल्या गार पाण्याने अंघोळ, याची सवय झाली.

वर्ग सुटला की मुली रांगेने येतात, माझा हात घेऊन कपाळाला लावतात. पहिल्या दिवशी मी संकोचून हात मागे घेतला आणि समोरची मुलगी इतकी कावरीबावरी झाली की मला अजून वाईट वाटतं. अशी चूक पुन्हा व्हायला नको, म्हणून विचारतेय.

पुढच्या शुक्रवारी कियाईंच्या (पेसांत्रेनचे प्रमुख) आणि न्याईंच्या (त्यांच्या पत्नी) घरी जायचंय. माझं इंडोनेशियन तोडकंमोडकं आहे, पण इथे थोरामोठ्यांशी 'क्रमा' ही आदराची जावानीज बोलतात. मला 'मातुर नुवुन', म्हणजे आभार, एवढंच येतं. आणखी कोणती चार वाक्यं पाठ करू? घरची शेंगदाण्याची चिक्की न्यायला चालेल ना?

आणि मी शाकाहारी. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू रोज मिळतं, पण सांबलमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, म्हणजे आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. स्वयंपाकघरातल्या मावशी फार मायेने वाढतात. त्यांना न दुखावता नको कसं म्हणू?

इंडोनेशियात राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.